‘करण्यात येईल’चा कर्ता

१

माझ्याजवळ एक लांबट आकाराची, जाड पुठ्ठ्याची वही आहे. किराणा दुकानात उधारी मांडायला वापरतात त्या जातीची. २००९ साली विधानसभेच्या निवडणुका लागल्या त्या सुमारास मी ती विकत आणली आणि तिच्या प्रत्येक पानावर उभ्या रेघा मारून पाच रकाने पाडले. विद्यापीठाच्या मराठी विभागात मी तेव्हा नुकताच अधिव्याख्याता म्हणून रुजू झालो होतो. काव्यशास्त्राची अभ्यासपत्रिका माझ्याकडे होती आणि मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’तील सातवा उल्लास, म्हणजे दोषप्रकरण, मी मोठ्या हौसेने शिकवीत असे. त्या हौसेपायीच वहीतल्या रकान्यांना मी मम्मटाकडून नावे उसनी घेतली: च्युतसंस्कृती, ग्राम्य, निरर्थक, संदिग्ध आणि अविमृष्टविधेयांश. सभा, पत्रकार परिषदा, दूरचित्रवाणीवरील मुलाखती यांतून राजकीय नेत्यांची जी मराठी कानांवर पडेल तिच्यातील दोष टिपत जावेत आणि पुढेमागे त्यातून एखादा ग्रंथ सिद्ध करावा, असा माझा बेत होता.

ग्रंथ सिद्ध झाला नाही. का झाला नाही, हे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे. तो सांगताना काही खाजगी गोष्टी सांगाव्या लागतील. त्याबद्दल वाचकांची आधीच क्षमा मागतो.

पहिले दोन रकाने भराभर भरत गेले. ‘मी करेल’, ‘मी बघेल’, ‘मी येईल’ ही भविष्यकाळाची रूपे तर पानोपानी होती. प्रथमपुरुषी ‘करीन’ किंवा ‘करेन’ व्हावे तेथे तृतीयपुरुषी प्रत्यय येतो, म्हणून ती ‘च्युतसंस्कृती’त. ‘मला मदत करा’ऐवजी ‘माझी मदत करा’, ‘तो मला म्हणाला’ऐवजी ‘तो मला बोलला’ हेही तेथेच. ‘काम केल्या जाते’, ‘कामे केल्या जातात’ हा विदर्भातील नेत्यांच्या तोंडी सर्रास आढळणारा प्रयोग, ज्यात लिंगवचनाचा मेळ सोडून धातुसाधित रूप एकच राहते, त्याला मी लाल शाईने अधोरेखित करीत असे. ‘ग्राम्य’ या रकान्यात ‘पानी’, ‘आनि’, ‘कोन’, ‘व्हतं’, ‘शाया’, ‘मले’, ‘तुले’ अशी रांग लागली होती.

उरलेले तीन रकाने मात्र जवळजवळ कोरे होते. त्यांचे कोरेपण मला कित्येक वर्षे खटकले नाही. त्या जातीचे दोष नेत्यांच्या बोलण्यात फारसे नसावेत, असाच मी त्याचा अर्थ लावला.

२

दोष असतील तर ते टिपले जातात, अशी एक भाबडी समजूत वर्णनपर अभ्यासामागे असते. वस्तुतः आपला कान ज्यासाठी तयार झालेला असतो तेच तो टिपतो. माझा कान कशासाठी तयार झाला होता, हे सांगितले पाहिजे.

मी मूळचा वऱ्हाडातला. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, बुलढाणा आणि अमरावती या जिल्ह्यांतून जो खारपाणपट्टा पसरलेला आहे, त्यातले माझे गाव. एम.ए.साठी पश्चिम महाराष्ट्रात आलो तेव्हा ‘मले’चे ‘मला’ आणि ‘काहून’चे ‘का’ करायला मला एक संपूर्ण शैक्षणिक वर्ष लागले. वसतिगृहातील खोलीत मी पुस्तक मोठ्याने वाचून ‘ण’ आणि ‘ळ’ यांचे उच्चार घोटीत असे. जे आपण कष्टाने टाकून दिले ते दुसऱ्याच्या तोंडी, तेही व्यासपीठावरून, निर्धास्तपणे उच्चारले जाताना ऐकले की मनात एक विशिष्ट प्रकारची चीड उमटते. माझ्या वहीतील लाल शाईमागे शास्त्र किती होते आणि ही चीड किती होती, याचा हिशेब मी मांडलेला नव्हता.

मला हा इतिहास ठाऊक नव्हता असेही नाही. पीएच.डी.साठी मी एकोणिसाव्या शतकातील मराठी निबंधाच्या भाषेवरच काम केले होते. १८७४ मध्ये सुरू झालेल्या ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेतला, तेव्हा त्यांच्या व्याकरणावर बोट ठेवून त्यांची थट्टा केली, हे मी स्वतःच्या प्रबंधात नोंदविले होते. ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाली होती. तिच्यातील आक्षेप प्रचंड होता आणि त्याला उत्तर देणे अवघड होते. विभक्तिप्रत्यय तपासणे त्या मानाने सोपे होते. व्याकरणाची चूक दाखविता आली की आशयाला उत्तर देण्याची गरज उरत नाही, ही सोय मराठी वादपरंपरेला तेव्हापासून ठाऊक आहे. प्रबंधात हे लिहिणारा मी आणि वहीत रकाने भरणारा मी, या दोघांची बरीच वर्षे गाठ पडली नव्हती.

आणखी एक गोष्ट पद्धतीसंबंधीची. आजच्या नेत्यांची भाषा घसरली, पूर्वीचे वक्ते काय बोलत, असे आपण सहज म्हणतो. मीही वर्गात म्हणत असे. परंतु तुलना कशाची कशाशी होते? यशवंतराव चव्हाणांची भाषणे आपण ‘सह्याद्रीचे वारे’सारख्या संग्रहातून, म्हणजे मुद्रित संहितेच्या रूपात वाचतो. लेखनिकाने उतरवून घेतलेले, संपादकाने हात फिरविलेले, मुद्रितशोधकाने तपासलेले असे ते गद्य असते. वृत्तपत्राचा बातमीदारदेखील वक्त्याचे ‘पानी’ छापताना ‘पाणी’ करीत असे. आजचा नेता मात्र भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या चित्रफितीतून, त्याच्या अडखळण्यासकट आणि खाकरण्यासकट आपल्यापर्यंत येतो. एकाचे आपण संपादित लेखन वाचतो, दुसऱ्याचे असंपादित बोलणे ऐकतो आणि निष्कर्ष काढतो तो मराठीच्या ऱ्हासाचा. शुद्धलेखनाचे जे अठरा नियम १९६२ आणि १९७२ या दोन टप्प्यांत शासनमान्य झाले, ते लेखनाचे नियम आहेत. बोलण्याच्या शुद्धतेची कसोटी म्हणून ते कोणी सिद्ध केलेले नाहीत.

हे सारे मला तर्काने समजत होते. तरी वही चालूच होती. ती थांबली एका प्रश्नामुळे.

३

एम.ए.च्या वर्गात भाषिक व्यवहाराच्या अभ्यासपत्रिकेसाठी मी माझ्या वहीतील काही पाने नमुन्यादाखल वाचून दाखविली. वर्गात हशा पिकला. ‘केल्या जाते’ हा प्रयोग वाचला तेव्हा तो जरा अधिकच पिकला. वाशीम जिल्ह्यातून आलेली एक विद्यार्थिनी हसली नाही. तिने विचारले, “सर, ‘केल्या जाते’ चूक असेल, तर ‘करण्यात येते’ बरोबर कसे? दोन्हींत करणारा दिसत नाही.”

मी रूपविचाराच्या अंगाने उत्तर दिले: पहिल्यात मेळाचा भंग आहे, दुसऱ्यात नाही. उत्तर बरोबर होते. प्रश्न मात्र त्याबद्दल नव्हता, हे तिला कळत होते आणि मलाही कळत होते.

त्या रात्री मी ‘काव्यप्रकाशा’चा सातवा उल्लास पुन्हा उघडला. जे मी दरवर्षी शिकवीत होतो त्यातील दोन गोष्टी मी सोयीस्करपणे वगळत आलो होतो. एक म्हणजे मम्मटाची दोषाची व्याख्याच. मुख्य अर्थाचा जो घात करतो तो दोष, असे तो प्रारंभीच सांगतो. रूप बिघडणे हे दोषाचे लक्षण नव्हे. अर्थाला धक्का पोहोचणे हे लक्षण आहे. दुसरी गोष्ट याच उल्लासात पुढे येते: वक्ता कोण, श्रोता कोण, प्रसंग कोणता, यांच्या औचित्याने एरवीचा दोष हा दोष राहत नाही, क्वचित गुणही होतो. ‘ग्राम्य’तेलाही ही मुभा आहे.

पतंजलीने महाभाष्यात सांगितलेला वैयाकरण आणि सारथी यांचा संवाद याच संदर्भात आठवतो. रथाचा ‘प्रवेता’ कोण, असे वैयाकरण विचारतो. सारथी उत्तरतो, मी याचा ‘प्राजिता’. हा अपशब्द आहे, असे वैयाकरण म्हणतो. त्यावर सारथी त्याला सुनावतो की, तुला नियमाची प्राप्ती कळते, इष्ट प्रयोग कोणता ते कळत नाही. व्याकरणाच्या सर्वांत थोर भाष्यग्रंथात वैयाकरणाची फजिती एका सारथ्याने केलेली आहे, आणि भाष्यकाराने ती लपविलेली नाही.

मग मी वही उघडली आणि कोरे राहिलेले तीन रकाने घेऊन जुन्या ध्वनिफिती पुन्हा ऐकू लागलो. या खेपेला चूक शोधायची नाही, अर्थाचा घात कोठे होतो एवढेच पाहायचे, असे ठरविले. तिन्ही रकाने भरायला वेळ लागला नाही.

‘निरर्थक’ हा दोष मम्मट केवळ पादपूरणासाठी घातलेल्या शब्दांना लावतो. छंदाचे एक अक्षर कमी पडले की कवी ‘च’ किंवा ‘हि’ घालतो. आमच्या राजकीय वक्तृत्वात छंद नाही, तरी पादपूरण आहे. ‘या ठिकाणी’ आणि ‘त्या ठिकाणी’ हे शब्द आठवावेत. ‘या ठिकाणी मी या ठिकाणी सांगू इच्छितो’ अशा धर्तीच्या वाक्यांत कोठलेही ठिकाण अभिप्रेत नसते. ‘निश्चितपणे’ हा शब्द तर जेथे काहीच निश्चित नाही तेथे हमखास येतो. ‘च्या माध्यमातून’ ही शब्दयोजना याहून गंभीर आहे. ‘शासनाच्या माध्यमातून निधी उपलब्ध करून देण्यात आला’ या वाक्यात शासन हे माध्यम झाले. निधी देणारा कोण, हे कोणी सांगितलेच नाही. यांतील एकही शब्द अशुद्ध नाही. म्हणूनच माझ्या लाल शाईला तो दिसला नव्हता.

‘संदिग्ध’ आणि अन्वयासंबंधी शास्त्रकारांनी सांगितलेली ‘योग्यता’ यांचे उदाहरण शोधायला मला फार लांब जावे लागले नाही. १ जून २०१७ रोजी महाराष्ट्रातील शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. नगर जिल्ह्यातील पुणतांबे हे गाव त्याचे केंद्र होते. ११ जून रोजी शासनाच्या वतीने कर्जमाफीची जी घोषणा झाली तिच्या संदर्भात तीन शब्द महाराष्ट्रभर गाजले: ‘सरसकट’, ‘तत्त्वतः’ आणि ‘निकष’. सरसकट कर्जमाफी तत्त्वतः मान्य झाली होती आणि तिला निकष असणार होते. शब्द एकेकटे घेतले तर निर्दोष आहेत. ‘तत्त्वतः’ या अव्ययाचे संस्कृतोद्भव रूपही शुद्ध आहे. परंतु विस्तवाने शिंपणे या शास्त्रप्रसिद्ध उदाहरणात जशी योग्यता नाही, तशी ती ‘निकषांसह सरसकट’ यातही नाही. निकष म्हणजे वगळण्याची रीत. सरसकट म्हणजे न वगळणे. २४ जूनला जी योजना प्रत्यक्ष जाहीर झाली तिच्यात थकबाकीदारांना दीड लाख रुपयांपर्यंतची मर्यादा होती. ही मर्यादा योग्य की अयोग्य, हा अर्थकारणाचा प्रश्न आहे आणि तो माझ्या अधिकारातला नाही. माझा मुद्दा एवढाच की, ११ जून ते २४ जून या तेरा दिवसांत शेतकऱ्याला आपल्याला नेमके काय मिळाले ते कळत नव्हते, आणि त्याचे कारण व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकात चूक म्हणून नोंदलेले नव्हते. पुढे या तीन शब्दांवर विनोद झाले. लोकांनी अर्थाचा घात नेमका ओळखला होता. त्यांना मम्मट वाचावा लागला नव्हता.

राहिला ‘अविमृष्टविधेयांश’. वाक्यात जे नव्याने सांगायचे असते, त्या विधेयाला प्राधान्य न देता ते कोठेतरी दडपून टाकणे, असा हा दोष. ‘या संदर्भात आवश्यक ती कार्यवाही लवकरात लवकर करण्यात येईल’ या वाक्यात विधेय कोणते? ‘आवश्यक ती’ म्हणजे कोणती हे त्यात नाही, ‘लवकरात लवकर’ म्हणजे केव्हा हे नाही, आणि कोण करणार हे तर नाहीच. हे वाक्य रकान्यात उतरविताना माझा हात थांबला. ते मी कोणा नेत्याच्या भाषणातून घेतलेले नव्हते. ते माझे होते. १ मे २००२ रोजी ते आमच्या गावच्या ग्रामसभेत वाचले गेले होते आणि लिहून दिले होते मी.

४

माझे वडील त्या वेळी गावचे सरपंच होते. ते सातवीपर्यंत शिकलेले. बोलत ते शुद्ध वऱ्हाडी. २००१ च्या महाराष्ट्रदिनी झालेल्या ग्रामसभेत पाण्याचा प्रश्न निघाला. खारपाणपट्ट्यात विहीर खणली तरी तिला पाणी खारे लागते. नदीकाठच्या एका विहिरीचे पाणी त्यातल्या त्यात पिण्याजोगे होते, पण तिच्यावरची मोटर जळाली होती. वडील उभे राहिले आणि म्हणाले, “मिरगाच्या आंधी मोटर नाई बसली तं माह्या ओसरीवर येऊन बसा.” सबंध भाषण एवढेच. मी मागे बसलो होतो आणि तालुक्याहून आलेल्या ग्रामसेवकासमोर मला त्या भाषेची लाज वाटली होती.

मोटर मृगापूर्वी बसली नाही. ती आठ दिवस उशिरा बसली. त्या आठ दिवसांत रोज चार-सहा माणसे खरोखरच आमच्या ओसरीवर येऊन बसत. आई चहा करून दमून जाई. वडील सकाळी त्यांना राम राम करून तालुक्याला जात आणि संध्याकाळी परतल्यावर काय झाले ते त्यांना सांगत.

पुढच्या वर्षी मी एम.ए.ची परीक्षा देऊन सुटीत गावी आलो होतो. माझी भाषा एव्हाना ‘सुधारली’ होती. ग्रामसभेला पंचायत समितीचे पाहुणे येणार म्हणून मी वडिलांचे भाषण लिहून काढले. प्रास्ताविक, आभार आणि मधोमध पाण्यासंबंधीचे ते वाक्य. दोन दिवस मी त्यांच्याकडून ते घोटून घेतले. ‘कार्यवाही’तला ‘र्य’ त्यांना जड जाई. ग्रामसभेत त्यांनी ते अडखळत, पण एकही चूक न करता वाचले. पाहुण्यांनी मान डोलावली. मला धन्य वाटले.

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून आमच्या आळीतील एक म्हातारी उठली आणि तिने विचारले, “करन्यात येईल म्हंजे कोन करीन?”

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. कागदावर याचे उत्तर नव्हते. पाहुण्यांपैकी एकाने ‘प्रशासन करील’ असे सांगून विषय पुढे नेला.

त्या वर्षी काय झाले ते थोडक्यात सांगतो. कार्यवाही झाली; दिवाळीनंतर झाली. मधल्या काळात आमच्या ओसरीवर कोणीही येऊन बसले नाही. बसणार तरी कोणत्या आधारावर? एका रात्री जेवताना वडील मला म्हणाले, “तुह्या भाषेत मोठी सोय हाये, बाबू. काईच कबूल करा लागत नाई अन् सारं कबूल केल्यावानी वाटते.” ते हे तक्रारीच्या सुरात म्हणाले नाहीत. उरलेल्या कारकिर्दीत त्यांनी माझ्याकडून आणखी चार-पाच भाषणे लिहून घेतली. माझे वडील लबाड नव्हते. एक सोय त्यांच्या हाती आली आणि त्यांनी ती वापरली. ती त्यांच्या हाती मी दिली होती.

५

म्हातारीच्या प्रश्नाकडे भाषेचा अभ्यासक म्हणून पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. तिचे ‘करीन’ हे वऱ्हाडीतील तृतीयपुरुषी रूप आहे. वऱ्हाडीत ‘तो करीन’, ‘तो येईन’ असेच म्हणतात. प्रमाणभाषेच्या कानाला ते प्रथमपुरुषी वाटते, म्हणून चूक वाटते. उलट ‘मी करेल’मध्ये प्रथमपुरुषाला तृतीयपुरुषी प्रत्यय लागतो, म्हणून तेही चूक. माझ्या वहीत दोहोंची नोंद पुरुषदोष म्हणून झाली असती. परंतु या दोन्ही वाक्यांत पुरुष आहे. प्रत्ययाचा घोटाळा असेल, करणारा माणूस मात्र हजर आहे. ‘मी करेल’ म्हणणाऱ्याला उद्या धरता येते. ‘करण्यात येईल’ या निर्दोष रचनेत पुरुषच नाही. पुरुष चुकलेल्या वाक्यांची मी बारा वर्षे नोंद केली. पुरुष हरवलेली वाक्ये माझ्यासमोरून शुद्ध म्हणून निघून गेली.

१९५५ च्या आपल्या व्याख्यानांत ऑस्टिनने दाखवून दिले की, वचन देणे हे कशाचे वर्णन नसते. ती एक कृती असते, आणि तिचे नमुनारूप प्रथमपुरुषी, वर्तमानकाळी, कर्तरी क्रियापद हे असते. ‘मी वचन देतो’ असे म्हणण्यातच वचन दिले जाते. मग कर्मणी वळणाची विधाने अशी कृती करीतच नाहीत का? करतात, आणि हे ऑस्टिनलाही मान्य होते. लेखी आदेशात बोलणारा कोण हे खालच्या सहीवरून कळते, असे त्याचे म्हणणे. मला या निरीक्षणात आपल्या प्रश्नाची किल्ली दिसते. शासन निर्णयात ‘मान्यता देण्यात येत आहे’ असे वाक्य असते तेव्हा ते निःपुरुष नसते. त्याच्या डोक्यावर क्रमांक आणि दिनांक असतो, पायाशी राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आणि पदनाम असते. कर्ता वाक्याबाहेर असतो, पण कागदावर असतो. हीच रचना व्यासपीठावर येते तेव्हा रचना तेवढी येते. सही कचेरीतच राहते. दोष ‘करण्यात येईल’चा नाही. लेखनव्यवहाराची एक रचना तिच्या जामिनाशिवाय भाषणव्यवहारात आणली जाते, हा दोष आहे.

नेत्यांच्या भाषेचा दर्जा तपासणारी एक व्यवस्था आपल्याकडे आहे, आणि तिने व्याकरणाला हातही लावलेला नाही, हे भाषाभ्यासकांच्या फारसे ध्यानात आलेले दिसत नाही. लोकसभेत १९५३ पासून शासकीय आश्वासनांसंबंधीची समिती काम करते. आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. मंत्र्यांच्या उत्तरांतील कोणते शब्दप्रयोग आश्वासन मानावेत, याची एक यादीच लोकसभेने तयार केलेली आहे. ‘बाब विचाराधीन आहे’, ‘मी यात लक्ष घालतो’, ‘माहिती घेऊन सभागृहाला कळविण्यात येईल’ अशा आशयाची वाक्ये त्या यादीत येतात आणि ती उच्चारली गेली की तीन महिन्यांत त्यांची पूर्तता अपेक्षित असते. बोलणारा ज्याला पळवाट समजतो तिलाच ऐकणाऱ्याने वचन म्हणून नोंदवून घ्यावे, ही कल्पना मला विलक्षण वाटते. आमच्या म्हातारीने ग्रामसभेत तेच केले होते. तिच्यामागे समिती नव्हती इतकेच. आणि सभागृहात कोणत्या भाषेत बोलावे, याविषयी संविधानाचा २१० वा अनुच्छेद जी सवलत देतो तिचा निकषही शुद्धतेचा नाही. ठरलेल्या भाषांत ज्याला आपले म्हणणे पुरेसे मांडता येत नाही त्याला मातृभाषेत बोलू देता येते. ‘पुरेसे मांडता येणे’ ही कसोटी मला पुरेशी वाटते.

येथे एका सुलभ निष्कर्षाचा मोह टाळला पाहिजे. बोली म्हणजे सचोटी आणि प्रमाणभाषा म्हणजे लबाडी, असे समीकरण कोणी मांडील तर ते खोटे आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांची रांगडी भाषा माणसांना उभी करीत असे. तीच रांगडी ढब आज पुष्कळ वक्ते ठरवून आणतात, टाळ्या घेतात आणि कोणतीही गोष्ट कबूल न करता खाली बसतात. उलट प्रमाण मराठीत नेमके, तारखेनिशी बोलणारे लोकप्रतिनिधीही मी ऐकलेले आहेत. गाडगेबाबांची कीर्तने वऱ्हाडी बोलीत होत, एवढ्यावर त्यांची थोरवी उभी नाही. ते श्रोत्याला प्रश्न विचारीत आणि उत्तर येईपर्यंत पुढे जात नसत, यावर ती उभी आहे. श्रोत्याला उलट विचारता येईल अशी जागा बोलण्यात ठेवलेली असणे, हे संज्ञापनाचे खरे प्रमाण मानले तर बोली आणि प्रमाणभाषा हा वाद पुष्कळसा बाजूला पडतो.

प्रमाणभाषा शिकविणे मी सोडलेले नाही आणि सोडणारही नाही. कोल्हापूरच्या माणसाचे बोलणे गोंदियाच्या माणसाला कळावे यासाठी ती लागते. ‘माझी मदत करा’ हे मी आजही दुरुस्त करतो. फक्त ते दुरुस्त केल्यावर काम संपले, असे आता मला वाटत नाही.

६

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानंतर आमच्या विभागाच्या बैठकीत नेत्यांच्या मराठीचा विषय ओघाने निघाला. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी लोकप्रतिनिधींसाठी शुद्ध भाषणाचे वर्ग घ्यावेत अशी सूचना मांडली. त्या सूचनेला माझा विरोध नव्हता. वर्गांत काय शिकविणार, एवढे मी विचारले आणि माझ्या वहीचे शेवटचे पान वाचून दाखविले. त्यावर चार प्रश्न आहेत: कोण करणार, काय करणार, केव्हापर्यंत करणार, आणि न केल्यास कोणाच्या ओसरीवर जाऊन बसायचे. चौथ्या प्रश्नाला सहकारी हसले. त्याची कथा मी त्यांना सांगितली नाही.

बैठकीचे इतिवृत्त लिहिण्याची जबाबदारी गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. त्या रात्री मी ते लिहायला घेतले. वैदर्भी बोलींच्या नमुन्यांचे ध्वनिमुद्रण करावे असा जो विषय मंजूर झाला होता त्याखाली मी सवयीने लिहून गेलो: ‘याबाबत विभागामार्फत पुढील कार्यवाही करण्यात यावी असे ठरले.’ मागची काही इतिवृत्ते काढून पाहिली. हाच विषय याच शब्दांत याआधी दोनदा मंजूर झालेला होता, आणि दोन्ही वेळी अक्षर माझे होते.

ते वाक्य मी खोडले. त्या जागी माझे नाव लिहिले आणि पुढे ३१ मार्च ही तारीख घातली.